आत्याच्या हाकेला ओ

दुपारचे तीन वाजत आले आहेत. वॉर्डातल्या बायका जेवून पडल्या आहेत आणि मी झोपायचं नाही असं ठरवून डोळे उघडे ठेवते आहे. उद्या सकाळी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. आवाजाची नस तिला अगदी चिकटून गेली आहे, असं डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून दाखवलं. वीस वर्षं मी चर्चच्या गायनमंडळीत गाते आहे. पण भीती गाणं जाण्याची नाही. टेबलावर मिटलेले डोळे उघडलेच नाहीत, तर माझ्या नऊ वर्षांच्या निर्मलाला कोण काय सांगेल, याची आहे. सकाळी पाळकसाहेब प्रार्थना करून गेले. जाताना म्हणाले, आभार मानत राहा, सुवार्ताबाई. मी मान हलवली. मनात म्हटलं, कशाचे?

पंखा फिरतो. छताचा पांढरा रंग हळूहळू खाली उतरतो आहे.

"सुवार्ता."

आवाज मार्थाआत्याचा आहे. माझ्या वडिलांची ही बहीण, मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. तिला मातीआड करून सहा वर्षं झाली; मूठभर माती मीही टाकली होती. वसतिगृहातल्या मुली सांगायच्या, गेलेल्या माणसानं हाक मारली तर ओ द्यायची नाही, दिली की ते घेऊन जातं. मी ओठ घट्ट मिटून घेते.

दुसरी हाक येते. मग तिसरी, आणि माझ्या तोंडून ओ निघून जाते.

आत्या दाराशी पाठमोरी उभी आहे. ती चालू लागते. मला उठायचं नाही, तरी पायांना गार फरशी लागते. वॉर्ड संपतच नाही. दोन्ही बाजूंच्या खाटा आता चर्चमधले बाक आहेत आणि प्रत्येक बाकावर चादर ओढून कुणीतरी आडवं आहे. चादरी वरखाली होत नाहीत. मी समोर बघत चालते. जिथं वेदी हवी तिथं नदीचं पात्र आहे आणि पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी घोट्याला लागतं, मग गुडघ्याला. मी ओरडते, पण आवाज नाही. गळ्याकडे हात नेते, तर हाताला आडवे टाके लागतात.

आत्या थांबते, वळते. चेहरा शेवटच्या आजारातला नाही, वसतिगृहातला आहे. मी नुसत्या ओठांनी विचारते.

"मला न्यायला आलीस?"

"मी कुठली नेणार? ते माझ्या हातात नाही."

मग मी तिला सगळं सांगते, आवाज नसतानाच. तू तीन महिने खाटेला खिळलेली असताना रोज आभार मानायचीस, तुला भीती नव्हती, मला नुसती भीतीच आहे. माझा विश्वासच खोटा असेल.

आत्या लुगड्याचा भिजलेला काठ पिळते.

"फार भीती वाटायची गं," ती म्हणते. "दिवस मावळायला लागला की अंग कापायचं. दुसरं काही तोंडात येईना, म्हणून आभार मानायला लागले."

हे तिनं जिवंतपणी कधी सांगितलं नव्हतं. पाणी माझ्या कमरेला लागलं आहे.

"आज पाणी गिळता आलं?"

"आलं. दोन घोट."

"मग तिथून धर."

मी दोन घोट पाण्याबद्दल प्रभूचे आभार मानते. आवाज घोगरा येतो, पण येतो. मग माझ्या नवऱ्याबद्दल, विनयबद्दल. तो सकाळपासून त्या मोडक्या स्टुलावर बसून होता आणि आता निर्मलाला आणायला गेला आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंबद्दल. त्यांनी माझ्या तोंडावर ऊन येतं हे बघून पडदा ओढला. निर्मलाबद्दल मानायला जाते आणि तिथं शब्द अडतात. मी रडते. आत्या घाई करत नाही. पाणी उतरलेलं नाही, फक्त चढायचं थांबलं आहे.

आता आम्ही वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसलो आहोत, ती माझ्या मागच्या पायरीवर. तिची गार, खरखरीत बोटं माझ्या केसांत फिरतात, पेड ओढतात. मी तिला सांगते, अजून भीती वाटते आहे.

"वाटू दे," ती म्हणते. "नीट बस. हलू नकोस."

चहाची गाडी खडखडते आणि मी डोळे उघडते. सिस्टर कंगवा घेऊन उभ्या आहेत. ऑपरेशनच्या आधी बायकांच्या दोन वेण्या घालतात, त्यासाठी आलेल्या. पण त्या थबकतात आणि विचारतात, या कुणी घातल्या? शेजारच्या बाई म्हणतात, कुणीच आलं नाही, मी जागीच आहे.

सकाळी न्हाऊन मी केस मोकळे सोडले होते. हात मागे नेते. कानांमागून घट्ट दोन वेण्या, आणि टोकांना जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या, गाठ मारलेल्या, ओलसर.

सिस्टर गाठ सोडायला पुढे होतात.

"राहू द्या," मी म्हणते. "उद्या अशीच येईन."