नाव तेच, खूण वेगळी

कारंजा गावातल्या ज्या फोटो स्टुडिओत माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते, तिथल्या कॉम्प्युटरवर एका सकाळी एकही फोटो उघडेना. व्हायरसनं सगळ्या फोटोंना कुलूप घातलं होतं. अल्बम छापायचा राहिला होता, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत आमचे बाबा गेले होते.

स्टुडिओवाले चाचा आमच्या घरातल्यासारखेच. मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, म्हणून त्यांनी मला बोलावलं. ज्या दुकानदारानं त्यांना फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं, तोही आला होता. गिऱ्हाइकांसमोर तो हसत म्हणाला, "चाचा, रिकाम्या वेळात भलतंसलतं पाहून राह्यले असान. त्यातूनच आला व्हायरस."

साठी उलटलेला माणूस. मान खाली घालून म्हणाला, "अल्ला कसम, म्या असं काही पाह्यलं नाही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. दुकानदारानं टाकलेली फाइल कॉम्प्युटरवर तशीच होती. मी तिचा हॅश काढला. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणित करून निघणारी ती लांबलचक खूण असते. आत एक अक्षर बदललं तरी खूण पार बदलते. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी अस्सल फाइलची खूण त्यांच्या साइटवर दिलेली होती. दोन्ही जुळेनात.

"फाइलचं नाव तेच, वरचं चित्र तेच. अजून काय पाह्यजे तुले?" दुकानदार म्हणाला.

"नाव कोनीबी लावते. तुमचा पेन ड्राइव्ह द्या."

कुरकुरत त्यानं दिला. त्यातल्या फाइलची खूण चाचांच्या फाइलशी तंतोतंत जुळली. म्हणजे बिघडवलेली फाइल त्यानंच आणली होती.

"मले काय मालूम? मले बी दुसऱ्यानंच देल्ली," तो म्हणाला.

"मग चाचाले काहून बोलले तसं?"

त्यानं पेन ड्राइव्ह खिशात टाकला, गाडीला किक मारली आणि गेला.

फोटो काही परत आले नाहीत. एका मावसभावाच्या मोबाईलमध्ये बाबांचा एक पुसट फोटो मिळाला, बहिणीनं तोच मोठा करून घेतला. पुढं लेक झाल्यावर चाचांना मात्र ती म्हणाली, "माह्या लेकीच्या बारशाले तुमीच या कॅमेरा घेऊन."

चाचा म्हणतात, जाऊ दे बेटा. मला नाही जाऊ देता येत. चारचौघांत बोललेलं चारचौघांत मागं घ्यायला त्याचं काय जात होतं?