ज्या हातानं झाकलं

माझ्या सासरच्या घरात एकाही गोष्टीला कुलूप नव्हतं, पण उघडं असंही काही नव्हतं. दिवस मावळला की कोंबड्या डालायच्या, म्हणजे बांबूचं डालं त्यांच्यावर पालथं घालायचं. चुलीतला विस्तव राखेत दडपायचा. विरजणावर पळसाचं पान झाकायचं. बियाण्याचं धान बांबूच्या ढोलीत भरलं की तिचं तोंड शेणमातीनं लिंपायचं. आम्ही सुना डोईवर पदर घ्यायचो, आणि सासरा किंवा भासरा समोर आला की तोच पदर तोंडावर ओढायचो. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. एकेका झाकण्याला वेगळा शब्द होता आणि सासूबाईंना तो चुकलेला खपत नसे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "आत्याबाई, कोंबड्या झाकल्या." त्या म्हणाल्या, "कोंबड्या काय दही हायेत व, झाकायले?"

या सगळ्यावर त्यांचा एक नेम होता. ज्या हातानं झाकलं त्याच हातानं उघडायचं. दुसऱ्याचा हात लागला की दही बिघडतं, बियाणं उगवत नाही, कोंबडी अंड्यावरून उठते. मी मनातल्या मनात हसायची, पण नेम पाळायची. कारण त्या नेमानं आंब्याची अढी माझी झाली होती.

तळ्याच्या पाळीवर आमची तीन आंब्याची झाडं होती. वैशाखात आंबे उतरले की मधल्या खोलीत जमिनीवर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाड थर द्यायचा, त्यावर देठ खाली करून आंबे मांडायचे, वरून पुन्हा तणस, आणि सगळ्यावर पोती. ही अढी. चार वर्षं ती मी घातली. एकदा घातली की पिकेपर्यंत तिच्यात दुसऱ्या कोणाचा हात जात नसे. अंगणातून येणारा माणूस नाक वर करून म्हणायचा, "सुनबाईचा हात चांगला हाय." त्या घरात माझं असं एवढंच होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मांडीवर मूल नव्हतं. पुढं झालं की नाही ते इथं सांगत नाही. तेवढं झाकलेलंच राहू दे.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली, चामोर्शीकडची. आई लहानपणीच गेलेली, बाप आणि दोन भाऊ. सोळा-सतरा वर्षांची, बोटभर लांब पापण्यांची. तिचा मला राग होता. उगाच गोलमोल कशाला सांगू? पहिल्या दिवसापासून होता.

त्याचं कारण हसण्यासारखं आहे. माझा नवरा तिचा भासरा. तिनं त्याच्यासमोर तोंड दाखवायचं नाही, म्हणून त्यानं घरात पाऊल टाकण्याआधी दारात थांबून खाकरायचं, की तिला पदर ओढायला वेळ मिळावा. बैलासारखा घरात शिरणारा माणूस. तो उंबऱ्याशी थांबून, घसा साफ करून, खाली बघत आत यायला लागला. माझ्यासाठी आयुष्यात कोणी खाकरलं नव्हतं. माझं तोंड तो रोज बघायचा, म्हणजे बघतच नव्हता. एकदा जेवताना धाकटीबद्दल सहज म्हणाला, "लहानी मोठी मर्यादेची हाय." त्या दिवशी मी त्याला वाढलेल्या वरणात मीठ घातलं नाही. त्यानं ते तसंच खाल्लं, म्हणून आणखी चिडले.

त्या वैशाखात आंबे उतरवून आणले. मी तणस झाडून ठेवलं, पोती उन्हात टाकली. सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "औंदा अढी लहानी घालंल."

"काऊन?" मी विचारलं.

"तिचाबी हात पाहू दे."

एवढंच. मी बाजूला उभी राहिले आणि धाकटी माझ्या तणसावर, माझ्या पोत्यांखाली आंबे मांडत बसली. निम्म्यांचे देठ वर. मी सांगितलं नाही.

झाकणं आणि दडवणं यातला फरक मला तेव्हापासून कळतो. झाकलेल्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त हात लावायचा नसतो. दडवलेल्यात काय आहे तेच ठाऊक नसतं. त्या दिवसांत मला वाटायला लागलं की या घरात काहीतरी दडवलं जातंय. मी स्वयंपाकघरात गेले की त्या दोघी गप्प व्हायच्या. सासूबाई धाकटीला पाण्याचा हंडा उचलू देत नव्हत्या. तिला सकाळी उशिरापर्यंत झोपू देत होत्या. मला कधी झोपू दिलं होतं? वाटायचं, लाडकी झाली. आईविना पोर म्हणून डोक्यावर बसली. आता एवढं वाचून तुम्हाला कळलं असेल. मला कळलं नाही. मत्सर माणसाला आंधळा करतो म्हणतात, पण मला तर सगळं दिसत होतं, फक्त उलटं.

दुपारी घर पडलेलं असायचं. पुरुष तळ्यावर, सासूबाई ओसरीत आडव्या, धाकटी त्यांच्याशेजारी. मी मधल्या खोलीत जायची, पोतं उचलायची, तणसात हात घालायची आणि आंबे दाबून बघायची. पिकले नसतील तर बरं वाटायचं. एक दिवस बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं, मग रोजच. अढी अशी उघडत राहिलं की तिची ऊब जाते, हे माझ्याइतकं घरात कोणाला ठाऊक नव्हतं.

सातव्या-आठव्या दिवशी कोपऱ्यात, अगदी तळाशी, हाताला आंब्याऐवजी मऊ काहीतरी लागलं. ओढून बघितलं तर एक पुरचुंडी, आणि तिचं कापड सासूबाईंच्या जुन्या लाल लुगड्याचं. त्या पंधरा दिवसांपासून ते लुगडं शोधत होत्या आणि मला दोनदा विचारून झालं होतं, "तू तर नाई पोतेरं केलं?" मी पुरचुंडी उघडलीही नाही. उघडायची गरजच वाटली नाही. चोरी सापडली होती. ती होती तशी परत दडवली, पोतं सारखं केलं आणि संध्याकाळची वाट बघत बसले. खरं सांगते, इतकी आनंदात मी त्या वर्षात कधी नव्हते.

संध्याकाळी पुरुष परतले. नवरा दारात खाकरला, धाकटीनं पदर ओढला. सगळे जमल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, तुमचं लाल लुगडं कुठी गेलं ते अढीले विचारा."

धाकटीच्या हातातला तांब्या खाली आला. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्या अढीकडं निघाल्या तर मी आडवी झाले. "तिनं झाकलं, तिच्याच हातानं उघडू द्या. तुमचाच नेम हाय."

तोंडावर पदर तसाच ठेवून ती गुडघ्यावर बसली. पोतं काढलं, तणस बाजूला केलं, तळातली पुरचुंडी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी गाठ सोडून ती झटकली. आतून एक कुंची पडली.

तान्ह्या बाळाची, त्याच लाल लुगड्याची, तळहाताएवढ्या टोपीची. टाके लांबलांब, नवशिके. एक बाजू शिवायची राहिलेली आणि सुई तिच्यातच खोचलेली.

मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. कोणी विचारेल, "ही कोणासाठी?" कोणी म्हणेल, "कितवा महिना?" कोणीच काही विचारलं नाही. दीर जमिनीकडं बघत होता. माझा नवराही जमिनीकडंच बघत होता. तेव्हा कळलं की घरात सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

सासूबाई आधी तिच्यावर उखडल्या. जन्माआधी बाळाचं कापड शिवणं आमच्याकडं अशुभ. "जलमाच्या आंधी शिवते काय व? मरतुकडी! अक्कल हाय का नाई?" पदराआडून रडण्याचा आवाज आला. "माय नाई मले," ती म्हणाली. "कोन आननार व्हतं?" बाळंतविडा आणायला तिला माहेरची बाई नव्हती, म्हणून ती स्वतःच बसून शिवत होती. आणि दडवायला जागा शोधली ती अढीची, कारण तिच्यात दुसऱ्याचा हात जात नाही.

मग सासूबाई माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही. "आन् तुले काऊन माहीत, अढीत काय हाय ते?" त्यांनी कुंची माझ्या अंगावर टाकली. "चुलीत घाल. तुनं काढलं, तूच जाळ."

त्याच वेळी मला हेही उमगलं की औंदा अढी तिला का दिली. पोटुशी बाईच्या हातानं झाकलेलं चांगलं पिकतं, असं आमच्याकडं मानतात. माझा हात चार वर्षं चांगला होता, तो दुसरा मिळेपर्यंत.

रात्री नवऱ्याला मी विचारलं, "तुमाले माहीत व्हतं?"

"मायनं सांगतलं व्हतं."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले वाईट वाटंल म्हनून."

वाईट तर वाटलंच, वर सगळ्यांसमोर मी दुष्टही ठरले. पण तो खरं पूर्ण बोलला नव्हता. माझी दृष्ट लागेल म्हणून सांगितलं नव्हतं. हे त्यानं सांगितलं नाही, मीही त्याला सांगायला लावलं नाही. नवरा-बायकोत काही गोष्टींवर पांघरूण घालावं लागतं.

कुंची मी जाळली नाही. दया आली म्हणून नव्हे. मला ती हवी होती. चुलीत चिंधी टाकून धूर केला आणि कुंची माझ्या पेटीत, लग्नातल्या अष्टपुत्री लुगड्याखाली दडवली. दुपारी दार लोटून ती काढायची आणि गुडघ्यावर चढवून बघायची. गुडघा तान्ह्याच्या डोक्याएवढा असतो. एक दिवस सुई घेतली आणि राहिलेली बाजू मी शिवून टाकली, बारीक टाक्यांनी. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

त्या वर्षी आंबे आंबटच राहिले, बरेचसे सडले. गुरांनी खाल्ले. पुढचे महिने वाईट गेले. मी जवळून गेले की सासूबाई धाकटीच्या ताटावर सूप झाकायच्या. तिच्या पोटात दुखलं तर आधी माझ्याकडं बघायच्या. बाळ सुखरूप यावं असं मला मनापासून वाटत होतं, पण तेही माझ्यासाठी. काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्या डोळ्यांच्या नावावर गेलं असतं आणि जन्मभर गेलं असतं. अंगणातून हाक आली की मी हातातलं काम टाकून धावायची.

धान कापणीला आलं तेव्हा बाळंतपण झालं. मुलगा, धडधाकट. बारा दिवस मला खोलीत जाऊ दिलं नाही. मी बाहेर पाणी तापवायची आणि रडणं ऐकायची. बारशाच्या सकाळी थंडी कडक होती. धाकटीनं आतून हाक मारली, "बाई, या ना पाहाले."

मी आत गेले. सासूबाईंनी चटकन पदर ओढून बाळावर घातला. धाकटीनं हात लांबवला आणि तो पदर बाजूला केला.

मला सांगायला आवडलं असतं की ते तोंड बघून माझा मत्सर विरघळला. विरघळला नाही. काय सुंदर होता! सासूबाईंनी त्याला तीट तरी किती ठिकाणी लावली होती! कपाळावर, गालावर आणि तळपायावरसुद्धा. मी येणार म्हणून. मी काजळाच्या डबीत बोट बुडवलं आणि कपाळावरची आणखी मोठी केली. दृष्ट कोणाची लागेल हे मला त्या घरात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग कमरेला खोचलेली कुंची काढली. सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. धाकटीनं ती हातात घेऊन उलटीसुलटी बघितली, शिवणीवरून बोट फिरवलं. "इतली बारीक शिवन माही नाई," ती म्हणाली आणि माझ्याकडं परत दिली. मी ती बाळाच्या डोक्यावर चढवली, कान झाकले आणि हनुवटीखाली बंद बांधले. उठून बाहेर आले.

थोड्या वेळानं अंघोळीचं पाणी निघालं. सासूबाई बाळाला घेऊन न्हाणीत पाटावर बसल्या आणि कुंचीच्या बंदाला हात घातला. आतल्या खाटेवरून धाकटीचा आवाज आला.

"आत्याबाई, थांबा. बाईनं झाकलं हाय."

सासूबाईंनी बंदावरचा हात मागं घेतला. आपल्याच नेमापुढं काय बोलणार? धाकटीनं पुन्हा हाक मारली, या वेळी मोठ्यानं, साऱ्या घराला ऐकू जाईल अशी.

"बाई, उघडायले या."

तिला तेवढं ओरडायचं कारण नव्हतं. मी भिंतीआडच उभी होते.