मामांचं चौथं इंजिन

देशात रेल्वे चालवणारे दोघेच : एक सरकार आणि दुसरे माझ्या बायकोचे मामा. सिन्नरजवळच्या त्यांच्या मळ्यात घरापासून द्राक्षबागेपर्यंत भंगारातल्या लोखंडी अँगलचे रूळ आहेत आणि त्यावर सरकत्या फाटकाची चाकं लावलेली फळी धावते. धावते म्हणजे, कधीकधी. हा सगळा खटाटोप मामींसाठी. गुडघे गेल्यापासून दोन वर्षं त्यांना स्वतःच्या हातानं लावलेली बाग दिसली नव्हती, आणि ट्रॅक्टरचे हादरे सोसत नव्हते.

पहिलं इंजिन म्हातारा बैल. तो प्रत्येक वेलीपाशी स्टेशन घ्यायचा आणि जेवूनच निघायचा. दुसरं, वॉशिंग मशीनची मोटर. वायर संपली की रेल्वे संपायची. तिसरं ताडपत्रीचं शीड. वारा आला, गाडीही सुटली, पण बागेकडे नाही, उलट ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडयांवर! चौथं मात्र जुन्या स्कूटरचं खरंखुरं इंजिन, हँडलसकट. मागे येत नसे. परतताना चौघांनी उचलून फिरवायचं. "माघार घेणं आपल्या रक्तातच नाय," मामा म्हणाले.

मामींनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी जावईबापूंना बसवा."

इंदिरानगरात मी सोसायटीची लिफ्टसुद्धा भीत भीत वापरतो. पण सासुरवाडीत अब्रू असते. बसलो. गाडी सुटताच घाबरून मागे रेललो आणि हातातली हँडलची मूठ आपोआप पूर्ण पिळली गेली. "मूठ सोडा, जावईबापू, मूठ!" मामा मागून धावत ओरडत होते. पण घाबरलेला माणूस धरलेलं सोडत नाही, त्यातून मी नोकरदार. रूळ संपले, मी संपलो नाही. थेट कांद्याच्या ढिगात शिरलो. मामा धापा टाकत आले, वाकले, चाचपून पाहिलं आणि आनंदानं म्हणाले, "इंजिनाला काय बी झालं नाय!"

ओट्यावर मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, "बसते मी. पण ते भूत काढा आधी."

मामांचा चेहरा पडला. चार महिन्यांची मेहनत होती ती. मग त्यांनी पाना घेतला आणि एकेक बोल्ट सोडवला. फळीवर गोधडी घातली, मामींना बसवलं आणि बागेकडच्या हलक्या उतारावर एका हातानं गाडी ढकलत नेली, तोंडानं शिट्टी वाजवत. मी केसांतली कांद्याची सालं काढत मागून चालत होतो. पहिल्याच ओळीपाशी मामी म्हणाल्या, "थांबा हो." हात लांबवून त्यांनी वेलीचा बुंधा चाचपला. "लय जाड झाला की!"

शिट्टी थांबली. मामांनी टोपी काढून तोंड पुसलं, बराच वेळ. दम लागला, म्हणाले. उतारावर दम लागलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.