नमुना आधी, गोळी नंतर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते तुरीच्या शेंगा सोलायचं. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. ओट्यावर मधात सूप ठेवून समोरासमोर बसलो होतो. हिरव्या सोल्यांचे, तुरीच्या ओल्या दाण्यांचे दिवस होते. तिचा हात माझ्या दुप्पट चालायचा, मी दहा शेंगा सोलेस्तोवर तिच्या वीस. त्या दिवशी ती मागं पडली.

"काय वो, हात गोठले का?"

"थंडी वाजून राह्यली. अन् दुपारपासून लघवीले आग होते."

कपाळाला हात लावला तर चांगलं तापलं होतं.

"उद्या दवाखान्यात दाखवू का?" ती म्हणाली.

"कायले? मी हाओ न घरात. जंतूंतच तीस वर्षं काढले मी."

माझ्या पायाला गळू झालं होतं तेव्हाच्या चार कॅप्सूल डब्यात उरल्या होत्या. त्यातल्या दोन तिला दिल्या. तिनं मुकाट्यानं घेतल्या, आणि वर म्हणाली, "आता सूप उचला, आमटी टाकते." अंगात ताप घेऊन तिनं सोल्यांची आमटी केली आणि मी ती भुरके मारत खाल्ली. आता आठवलं की माझीच मला शिसारी येते.

मी काही शिकलेला माणूस नाही. सातवीत शाळा सुटली. पण यवतमाळला मेडिकल कॉलेजात जंतूंची प्रयोगशाळा असते, तिथं परिचर म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. काचा धुणे, जंतूंचं खाणं शिजवणे, ते प्लेटांत ओतणे, वापरलेल्या प्लेटा वाफेच्या मोठ्या कुकरात घालून जंतू मारणे, ही माझी कामं. पुस्तकातलं सर लोक शिकवायचे. लूप कसा धरायचा ते मीच डॉक्टरकीच्या पोरांना दाखवायचो. लूप म्हणजे तारेचं बारीक वेटोळं. आधी ते जाळावर लाल करायचं, मग थंड होऊ द्यायचं, मग नमुन्याला लावायचं. नवी पोरं घाई करत. तापलेली तार तशीच टेकवली की चर्र वाजायचं.

"मारले न बिचारे!" मी ओरडायचो. "आता उद्या प्लेटीवर काय उगवन, तुमचं कपाळ?"

तेव्हा आम्ही कॉलेजच्या मागंच राहायचो. ती दुपारी डबा घेऊन यायची. साहेब लोक जेवायला गेले की मी तिला आत घ्यायचो. नियमात बसत नव्हतं, पण घ्यायचो. हात मागं बांधून उभी राहा, कशालाच शिवू नको, एवढं बजावून. एकदा मी भलं मोठं भांडं ढवळत होतो.

"हे काय शिजवून राह्यले?"

"जंतूंचं जेवण. मटणाचा अर्क हाये, मीठ हाये. चायना ग्राससारखं जमते थंड झालं की."

ती कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. "जंतूले मटणाचा रस्सा, अन् घरी मले म्हणता आज वरणावरच भागव!"

हे तिनं जन्मभर सोडलं नाही. पाहुणे आले की सांगायची, यांच्या घरचे खरे जावई प्लेटीत राहतात. सदतीस डिग्रीच्या पेटीत निजतात, रात्रभरात एकाचे लाख होतात, आणि सकाळी हे त्यांना पाहून खुश होतात. पाहुणे माझ्याकडं बघायचे. मी म्हणायचो, खरंच सांगते ती.

एकदा तिला सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. रंगवलेली काच होती. रंगवायची रीत मी पोरांना ओवीसारखी म्हणायला लावायचो: जांभळा, आयोडीन, स्पिरिट, लाल. स्पिरिटनं धुतल्यावरही ज्यांचा जांभळा रंग जात नाही ते एका घराण्याचे. ज्यांचा जातो आणि मग लाल रंग धरतात ते दुसऱ्या. घराणं कळलं की अर्धं औषध कळलं. तिनं एक डोळा मिटून बराच वेळ पाह्यलं. मला वाटलं घाबरली.

"गोल गोल ते मोहरी, अन् लांबट ते जिरं," ती म्हणाली. "फोडणीच तर हाय ही!"

मी हे वर्गात सांगितलं. पुढं कित्येक बॅचा तसंच म्हणायच्या. एक पोरगा तर तोंडी परीक्षेत सरांसमोरच बोलून गेला, जिऱ्यासारखे लाल, सर. सर हसले आणि पास केलं. तो पोरगा पेढे घेऊन घरी आला तो माझ्याकडं नाही, तिच्याकडं.

तिला सगळ्यात आवडायची ती औषधांची प्लेट. जंतू पसरून त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवतात. जे औषध चालतं त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ गोल पडतो, तिथं काही उगवत नाही. जे चालत नाही त्याला खेटून जंतू आरामात वाढतात. ती बोट न लावता दाखवायची, "इथं मेले. इथं जगले. ह्या टिकलीले तर विचारून बी नाही राह्यले." डॉक्टर त्या प्लेटीवरून ठरवतात कोणतं औषध द्यायचं. प्लेट नसली तर अंदाज.

म्हणून मी पोरांना जे सगळ्यात जास्त वेळा सांगितलं ते हे: नमुना आधी, गोळी नंतर. रक्त असो, लघवी असो, थुंकी असो. औषधाचा एक डोस पोटात गेला की जंतू अर्धमेले होतात. रोग्याच्या अंगात जिवंत राहतात, पण प्लेटीवर उगवत नाहीत. मग तुम्ही आंधळे. घरून गोळी खाऊन आलेला रोगी असला तर ते पहिले विचारा आणि कागदावर लिहा. मी हे टेबलावर हात आपटून सांगायचो. न विचारता नमुना घेऊन आलेल्या एका पोराला मी जिन्यावरून परत पाठवलं होतं, "जा, विचारून ये, मग ये."

सोले सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिला उरलेल्या दोन कॅप्सूल दिल्या. नऊपर्यंत ती बरळायला लागली. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. वॉर्डात जो मोठा डॉक्टर आला तो तोच, जिन्यावरून परत पाठवलेला. कानाशी केस पांढरे झालेले.

"काका, तुम्ही? काकूंना काय झालं?" मग रक्ताच्या बाटल्या भरता भरता त्यानं विचारलं, "घरून कोणती गोळी दिली होती का?"

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? लाज वाटली. ज्याला मी जिन्यावरून हाकललं त्याच्यापुढं कोणत्या तोंडानं सांगू? एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा दुपार झाली होती. माझं 'नाही' तिच्या कानावर पडलं होतं. ती हळूच म्हणाली, "सांगून द्या न त्याले."

"गप राय. तू बरी होऊन राह्यली."

"तुम्ही पोरायले किती बोलत होते..."

"गप म्हटलं न."

तिला लावलेल्या औषधाच्या बाटलीवरचं नाव मी वाचलं होतं. टिकल्यांवरच्या अक्षरांमुळं ती नावं मला पाठ आहेत. डॉक्टरनं जे सुरू केलं होतं ते माझ्या कॅप्सूलच्याच भावकीतलं औषध होतं. चार कॅप्सूल खाऊनही ताप वाढला हे त्याला माहीत असतं तर त्यानं ते सुरू केलं नसतं, पहिल्याच दिवशी दुसरं दिलं असतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं. सातवी शिकलेल्या माणसाला कळत होतं. मी तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर चहा प्यायला गेलो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात काही उगवलं नाही, लघवीत काही उगवलं नाही. डॉक्टर कागद हातात घेऊन बराच वेळ उभा होता. "काहून नाही उगवलं, काका? एवढा ताप, एवढे जंतू असायला पाहिजेत," तो मलाच विचारत होता, जुन्या सवयीनं. मी खांदे उडवले. त्यानं अंदाजानं औषध बदललं. तोवर किडन्या बसल्या होत्या. चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. संध्याकाळी माती झाली. लोक म्हणाले वय झालं होतं, सोनं झालं, तुम्ही दवाखान्यात काही कमी केलं नाही. पुसदहून आलेली लेक माझा हात धरून म्हणाली, "बाबा, तुम्ही लय केलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलं होतं. मी अंघोळ केली, चपला घातल्या आणि ऑटो करून दवाखान्यात गेलो. लेक मागून विचारत होती, आज कुठं? वॉर्डात राउंड चालू होता. डॉक्टर एका खाटेजवळ उभा, भोवती सात-आठ पोरंपोरी, पांढरे कोट, हातात वह्या. मला पाहून तो पुढं आला, हात जोडले.

"काका, आज काहून आले? कागद उद्याही मिळाले असते."

"कागदासाठी नाही आलो. त्या दिवशी खोटं बोललो मी तुमच्याशी. तिले घरी कॅप्सूल देलत्या. माह्या गळूच्या उरलेल्या."

त्यानं कोणती ते विचारलं. मी नाव सांगितलं. त्यानं डोळे मिटले आणि उघडले. माझ्या खांद्यावर हात ठेवायला निघाला, पण मी मागं सरकलो. मला ते नको होतं.

"यायले सांगू द्या मले," मी म्हणालो.

तो बाजूला झाला. मी पोरांना सगळं सांगितलं. ताप कधी आला, गोळी कोणी दिली, खोटं कोण बोललं, ते सगळं. शेवटी मागं उभ्या एका बारक्या पोरीनं विचारलं, "आजोबा, पहिली गोळी आणि नमुना यात किती तास गेले?"

बरोबर प्रश्न होता. मी बोटांवर मोजलं.

"सोळा," मी म्हणालो. "अन् मधात सकाळी आणखी दोन देलत्या. ते बी लिहा."

तिनं लिहिलं. बाकीच्यांचं लिहून व्हायचं होतं. मी थांबलो.