पुलाच्या उतारावरची पायगाडी

इतकी वर्षे लोटली, तरी ती सकाळ डोळ्यांपुढून हलत नाही. मी तेव्हा लालबागच्या बाजूला एका चौकीवर जमादार होतो. शिपायांची हजेरी घेत होतो, तोच आमचा हवालदार एका माणसाचे मानगूट धरून आत आला. मागे शिपायांनी उचलून आणलेली पायगाडी, म्हणजे आताची सायकल, आणि तिच्यामागे निम्मे लालबाग.

"जमादारसाहेब, आरोपी मुद्देमालासह हजर!" स्वारी भलतीच खूश होती.

घडले होते ते असे. वरळीच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी मासळीची पाटी घेऊन रेल्वेवरच्या पुलाचा उतार उतरत होती. मागून पायगाडी आली आणि तिला पाडून गेली. म्हातारीची मांडी मोडली, शुद्ध हरपली. लोक धावले तेव्हा तिच्याजवळ हा मनुष्य बसलेला आणि बाजूला त्याची गाडी आडवी. आणखी पुरावा हवा कशाला?

माणूस गिरणीतला फिटर, मालवणकडचा. मोडक्या गाड्यांचे भाग जमवून त्याने आपली पायगाडी उभी केली होती. हात जोडून म्हणाला, "साहेबानु, मी मागसून इलंय. ती आधीच पडली हुती, म्हणान थांबलंय."

"वा रे वा! मोठा धर्मात्मा!" हवालदार गरजला आणि लोक हसले.

मी त्याला कोठडीत घातले. दुसरा इलाज नव्हता. त्याची बायको चौकीच्या दाराशी उभी होती. रडत नव्हती, नुसती बघत होती, आणि तेच मला सोसवेना. नवऱ्याला शिक्षा झाली की गिरणीतली जागा जाणार आणि जागेपाठोपाठ चाळीतली खोली. हे तिलाही ठाऊक होते, मलाही.

म्हातारी शुद्धीवर आल्यावर मी इस्पितळात जाऊन तिची जबानी घेतली. तोंड तिने पाहिले नव्हते. "पाठमोरा बघितला," ती म्हणाली. "पाय वर धरून चालला व्हता, खुडचीत बसल्यावानी. मंग मना काय समजला नाय."

हवालदाराच्या मते म्हातारी भ्रमिष्ट झाली होती. मला मात्र तिचे बोलणे लख्ख कळले, कारण पायगाडीचे वेड मलाही होते. रविवारी भाड्याने गाडी घेऊन मी दादरपर्यंत जात असे. घरातून टोमणा ठरलेला: "चोर पकडताना हातपाय मोडले तर सरकार तरी विचारील!"

त्या काळच्या गाड्यांत चाक फिरे तोवर पायटेही, म्हणजे पेडलही, फिरत. वेग आवरायचा तो पायांनीच. शौकीन मंडळी उतारावर पाय उचलून पुढच्या दांड्यावरच्या खुंट्यांवर ठेवत आणि गाडी सोडून देत. काय सुख असते ते, अहाहा! पण पाय उचलले की गाडी थांबवायला एक ब्रेकच उरतो. आणि गिरगावातल्या पट्टीच्या स्वारांनी तर ब्रेक काढून टाकण्याची टूम काढली होती. ब्रेक म्हणजे नवशिक्याचे लक्षण! फिटरच्या गाडीला खुंट्या नव्हत्याच, ब्रेक मात्र दणकट होता; म्हणजे म्हातारीने पाहिलेला स्वार हा नव्हे. मी ही गोष्ट वरिष्ठांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "मनुष्य सापडला आहे. खटला पाठवा." मी चार दिवस मागून घेतले.

त्या रविवारी गाड्या भाड्याने देणाऱ्या पारशी शेठजींच्या दुकानात गेलो. उगाच इकडचे तिकडचे बोलत बसलो. बोलता बोलता शेठजी हसले. "जमादार, सगला लोक ब्रेक काढायला येते. परवा एक गृहस्थ लावायला आला. एवढा फास्ट चालवनारा मानूस! मी बोलला, घाबरला काय? तर ब्रेक लावून घेतला आनि चूपचाप निघून गेला."

मी कान टवकारले. गृहस्थ फणसवाडीत राहणारा, एका कचेरीत चांगल्या नोकरीवर, अंगात उंची कोट. मी त्याला गाडीसह चौकीवर बोलावले. माझा अनुभव असा की शौकिनाला गाडीबद्दल विचारले की तो खुलतो. हा खुलेना.

"ब्रेक नवा दिसतो."

"बरेच दिवस झाले."

"बाकी गाडीवर ओरखडे आणि हा एकटाच चकचकीत?"

त्याने उगाच हँडल सरळ केले. मी म्हणालो, "आधी काढला कशाला होतात?"

"मंडळी हसतात हो, जमादार."

"मग आता लावलात कशाला? आता नाही हसत?"

त्याचा चेहरा पडला. कोठडीतून फिटर खोकला, तसे गृहस्थाने तिकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग सगळे सांगितले. हँडलचा धक्का लागला, गाडी डगमगली, त्याने सावरली. "वळून पाहिलं होतं मी. कोणीतरी तिला उचलत होतं. म्हटलं, आहे कोणीतरी."

"त्यालाच धरलं, हे कळलं होतं?"

"हो," तो म्हणाला. मला असा संताप आला की उठून बाहेर गेलो.

फिटरची सुटका झाली. मी स्वतः गणवेशात गिरणीत गेलो आणि त्याची जागा त्याला परत मिळवून दिली. कामगार भरती करणारा जॉबर कुरकुरला, पण गणवेशापुढे त्याचे काही चालले नाही.

जबानी पुरी करण्यासाठी त्या गृहस्थाला इस्पितळात म्हातारीपुढे उभे केले. बिचारा रडत होता, खोटे नव्हते रडणे. "आजी, ब्रेक नव्हता. थांबवता आली नाही गाडी."

म्हातारीने त्याला न्याहाळले. "गाडी थांबली नाय, समजला. पन उतार संपल्यावं तरी थांबली आसंल ना? मंग मागं का नाय आलास?"

 

त्या गृहस्थाला मी वाईट माणूस म्हणत नाही. पुन्हा कोणी आपल्या गाडीखाली येऊ नये म्हणून त्याने ब्रेक लावला, एवढी लाज त्याला होती. पण दुरुस्त केली ती आपली गाडी, आणि कोठडीतला माणूस कोठडीतच राहू दिला. पुढे नोकरीत पुष्कळ आरोपी पाहिले. हातून चूक घडली कशी, हे बहुतेकांनी सांगितले. मग मी म्हातारीचा प्रश्न विचारी: मागे का नाही आलास? त्याचे उत्तर मला एकानेही दिले नाही.