पत्रकातलं एक वाक्य

वसुधा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिचा भाऊ म्हणाला, "ताई, वसू गेली..." त्याला आता सहा आठवडे झाले.

नव्वदीच्या दशकात आम्ही सुभानपुऱ्यात शेजारी राहायचो. ती सार्वजनिक आरोग्य शिकत होती. आमच्याकडे एसी आला तेव्हा सारी सोसायटी गार हवा खायला जमली; वसू मात्र मागे जाऊन उभी. "काका, ही गरम हवा वॉचमनच्या खोलीत जाते हो!" बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ऊन वाढवणार आपण आणि भाजणार दुसरेच, हे तिला सहन होत नसे, आणि ती गप्पही बसत नसे. किती हसायचो आम्ही तिला!

एका उन्हाळ्यात तिनं विश्वामित्री नदीकाठच्या गुजराती वस्तीसाठी पत्रक लिहिलं. माझं गुजराती बरं, म्हणून मजकूर माझ्याकडे आला. 'दुपारी सावलीत, वाऱ्यावर बसा,' हे तिचं वाक्य मला बाळबोध वाटलं. मी 'दुपारी घराबाहेर पडू नका' असं केलं आणि तिला न दाखवताच छापायला दिलं. पत्रकं परस्पर वस्तीत वाटली गेली. तिथली घरं पत्र्याची, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वस्तीतल्या शांताबेन रोज दुपारी कडुलिंबाखाली खाट टाकायच्या. नातीनं पत्रक वाचून दाखवलं, तशा त्या घरातच बसल्या आणि भोवळ येऊन पडल्या.

तिनं सांगितलं म्हणूनच आत बसले, असं दवाखान्यात त्या वसूला म्हणाल्या, "बेन, तमे कीधुं एटले अंदर बेठी." वसूनं त्यांचे पाय धरले आणि चूक स्वतःवर घेतली. "भूल मारी छे, बा." मी शेजारीच उभी होते... गप्प. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आपण आधी त्या पत्र्याखाली बसून बघायला हवं होतं." त्यानंतर दर उन्हाळ्यात ती शांताबेनकडे भर दुपारी तासभर बसायची. मला बोलवायची. मी कधी गेले नाही. लाज वाटायची, दुसरं काय!

परवा गेले. शांताबेन आता फार थकल्यात. ते वाक्य माझं होतं, हे त्यांना सांगितलं. त्यांना हे नवीनच होतं. "वसुबेने तो कोई दिवस कह्युं नहीं..."

मग त्यांनी भिंतीशी टेकवलेला पाट पुढे सरकवला. "बेसो. ए अहीं ज बेसतां."

मी वसूच्या जागेवर बसले. दहा मिनिटांत घामानं निथळले, पण तासभर उठले नाही.