नीला मॅडमच्या अठरा बाटल्या

ही गोष्ट माझ्या तोंडातनं आजवर भाईर पडलेली न्हाय. बायकोला म्हाईत न्हाय, भावाला म्हाईत न्हाय. आनि आमच्या कोडोलीच्या कट्ट्यावर तर — तिथं मी न सांगितलेली गोष्ट म्हंजे नवलच! सासरवाडीत म्हशीनं मला शेणात लोळवला, त्ये मीच सांगितलं. लग्नात फेटा डोळ्यावर आला आनि मी हार करवलीच्या गळ्यात घालाय निघालो, त्ये बी मीच. माणसं हसली की मला जेवल्यागत वाटतंय. मग ही एकच का पोटात ठिवली? सांगतो. पण जरा वळसा घालून येतो. सरळ यायला जीभ तयार न्हाय.

शाळा माझी न्हाय. सही येती, तेवढीच. पुतणी लिहून घेत्या. तिला म्हटलंय, बाई, सुधारू नकोस. जसं बोलतोय तसं ऱ्हाऊ दे.

आदी एक ऐका, मग मला काय म्हणायचं ते म्हणा — मी समुद्राचं पाणी काढणारा माणूस हुतो. व्हय, मी! पंचगंगेत गुडघाभर पाण्यात उतरलो तर आई काठावरनं बोंब मारायची, त्यो मी. कोल्हापुरात खानावळीत भाकरी थापत हुतो. एका कंत्राटदारानं गोव्याला नेलं, म्हटला, जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली माणूस पायजे. मला वाटलं, मासं धरायचं जहाज. चढलो तर काय, जाळी न्हाय, बर्फ न्हाय, सगळी चष्मेवाली माणसं! पैल्या चार दिवसांत मी इतका ओकलो की आचारी म्हटला, सर्जा, तू काम करायला आलाईस का समुद्र भरायला?

पण टिकलो. नव्वदच्या पुढची सात-आठ वर्षं टिकलो. आनि भांडी घासता घासता डेकवर सरकलो.

डेकवर काय, तर एक लोखंडी चाक. त्याला गोल उभ्या नळ्या लावलेल्या, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. त्ये चाक तारेनं खाली सोडायचं — हजार मीटर, कधी दोन हजार. वर येताना एकेका ठिकाणी एकेक नळी झाकण मिटून घेती आनि तिथलं पाणी तिथंच धरती. वर आलं की नळीच्या तोटीतनं पाणी बारक्या बाटल्यांत भरायचं. खालचं पाणी हाताला लागलं की असं गार — मे म्हैन्यात! पैल्यांदा हात लावला तवा मी ओरडलोच. अख्ख्या कोल्हापुरात कुणी हात लावला असंल का तसल्या पाण्याला? सांगा की!

समजवलं मला नीला मॅडमनी. रत्नागिरीकडच्या, वयानं माझ्यापेक्षा ल्हान, त्यांचा तो डॉक्टरकीचा अभ्यास चाललेला — औषधाची न्हाय, समुद्राची. म्हटल्या, "सर्जेराव, उसाला खत लागतं ना? समुद्रातही लागतं. पण समुद्राचं खत तळाला असतं. वारा आणि प्रवाह वरचं पाणी बाजूला ढकलतात, मग खालचं वर येतं, खत घेऊन. त्यावर डोळ्याला न दिसणारं गवत उगवतं. ते बारके किडे खातात, किड्यांना मासे खातात."

मी म्हटलं, "आनि माशांना आमी."

"आणि तुम्ही ओकता, की परत खत!" मॅडम म्हटल्या.

अशी बाई. आमच्या संगट चेष्टा करणारी शास्त्रज्ञ मी दुसरी बघितली न्हाय.

आनि एक दिवस मॅडमनी मला बाटल्या भरायला लावल्या. मोठे सर — सगळ्यांचे साहेब — नको म्हणत हुते. अडाणी माणूस, भांडी घासणारा. मॅडम म्हटल्या, सर, याचा हात बघा, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा स्वच्छ आहे. आनि खरं सांगतो, मी भरत बी तसाच हुतो. त्याच पाण्यानं बाटली तीनदा खळबळायची, मग भरायची. बोट आत न्हाय, घाम न्हाय, थुंकी न्हाय. आनि तंबाखूला तर हात लावायचाच न्हाय — तंबाखूच्या पानात बी त्येच खत असतंय जे समुद्रात मोजायचं. मॅडमनी हे मला येगळं बसवून सांगितलं. कारण मी निपाणीची तंबाखू खाणारा. चुना, तळहात, अंगठा — दिवसातनं वीस वेळा. मी म्हटलं, मॅडम, डेकवर पुडी आणणारच न्हाय. शबूद दिला.

आलो बघा जवळ.

त्या फेरीत काम असं हुतं — किनाऱ्यापास्नं सरळ आत जायचं, ठराविक अंतरावर थांबायचं, पाणी काढायचं. खालनं वर आलेलं खत प्रवाह कुठवर वाहून न्हेतो, एवढंच मॅडमला बघायचं हुतं. दोन वर्षं त्यो हंगाम, त्ये जहाज मिळायची वाट बघितलेली. किनाऱ्याजवळचं पाणी भरून झालं. शेवटचे तीन थांबे लांब आत. तिथं वरच्या पाण्यात खत जवळजवळ नसतंय. निळंशार, सोच्छ, उपाशी पाणी. मॅडम जहाजाच्या मागच्या अंगाला बारीक जाळी ओढून ते किडे-गवत गोळा करत हुत्या. बाटल्या माझ्यावर सोडलेल्या. एका थांब्याला सहा, अशा अठरा.

दुपार हुती. जहाज हिंदकळत हुतं. सकाळपास्नं तोंडात काय न्हाय — आनि पुडी खिशात. व्हय, खिशात! चाक अजून खाली हुतं, यायला वीस मिनिटं. मॅडमनी दिलेले रबरी हातमोजे हातात. आता हातमोजे घालून तंबाखू मळता येती का, तुमीच सांगा? काढले. मळली. दाढंत धरली. हात पॅन्टीला पुसला, झालं सोच्छ! तवर चाक वर आलं. मोजे गेले कुठं, कुणाला ठावं. एका बाटलीचं टोपण डेकवर घरंगळत गेलं, त्ये धरायला धावण्यापेक्षा मी काय केलं — बाटलीच्या तोंडावर अंगठा ठिवला आनि खळबळलं. सोपं वाटलं. मग सगळ्याच तशा. पुढच्या दोन थांब्यांना बी तशाच. चुन्या-तंबाखूचा अंगठा, अठरा बाटल्या.

संध्याकाळी जहाजावरच्या प्रयोगशाळेत त्या तपासल्या. तिथं असं असतंय — पाण्यात औषधं घालायची, खत असंल तेवढं पाणी गुलाबी हुतंय. त्या अठरांनी बिनरंगी ऱ्हायला पायजे हुतं. त्या जोतिबाच्या चैत्रातल्या गुलालानं माखलेल्या पायऱ्यांगत गुलाबी झाल्या. एक लई, एक थोडी, एक मधलीच. मोठे सर आले, बघितलं, आनि सगळ्यांच्या म्होरं मॅडमला म्हटले — घाण बाटल्या. घाण काम.

मॅडम माझ्याकडं आल्या. एकट्या. जहाजाच्या त्या चिंचोळ्या वाटंत मी भिंतीला टेकून उभा.

"सर्जेराव, खरं सांगा. तंबाखू खाल्ली होती का?"

माझी दाढ अजून चुन्यानं पोळत हुती.

मी म्हटलं, "जोतिबाची आण, न्हाय."

एवढंच. देवाची आण घिऊन, तोंडावर, न डगमगता. आनि ती बाई काय म्हटली असंल? "मग माझंच काही चुकलंय." परत गेली आनि सरांना म्हटली, हात त्याचा स्वच्छ होता, बाटल्या मीच धुतल्या होत्या, धुण्यात चूक झाली असणार. सरांनी लांबचे तिन्ही थांबे रद्द केले. म्हंजे प्रवाह खत कुठवर न्हेतो त्याचं उत्तरच गेलं. हंगाम संपला. पुढच्या फेरीला मॅडमचं नाव नव्हतं. त्यांची जागा दुसऱ्याला दिली. नंतर कळलं, अभ्यास अर्धा सोडून कालेजात शिकवायला लागल्या.

मी ऱ्हायलो. पुढं चार वर्षं बाटल्या भरल्या. नव्या पोरांना मी शिकवायचो — मोजे घाला, तंबाखू नको! लई कडक. मोठे सर पावण्यांना दाखवायचे, हा बघा आमचा माणूस, शाळेत गेला न्हाय पण हात बघा. छाती अशी फुगायची. आजबी फुगती, खोटं कशाला बोलू?

तंबाखू सोडली का म्हणाल? न्हाय. सोडली असती तर गोष्ट जरा बरी झाली असती.

पण हे बी सगळं न्हाय. ह्याच्याफुडचं वंगाळ हाय.

गावात आलो, शाळेनं माझा सत्कार केला. फेटा, नारळ, माईक. माईक हातात आला की मला थांबता येत न्हाय. आनि मी त्या अठरा बाटल्यांची गोष्ट सांगितली. कशी सांगितली? "शिकलेल्या बाईनं बाटल्या धुतल्या न्हाईत, पाणी झालं गुलाबी, आनि साहेब म्हणतोय हात फक्त अडाण्याचा सोच्छ!" पोरं हसली. मास्तर हसले. टाळ्या. मग त्ये माझं ठरलेलंच झालं. कट्ट्यावर, लग्नात, कागलच्या पावण्यांत, मुरगूडच्या बाजारात. जन्मभर सगळं सोतावर सांगणाऱ्या माणसानं ही एकच गोष्ट दुसऱ्यावर घातली. आनि तीच सगळ्यात जास्त चालली.

बारा-तेरा वर्षांनी मॅडम कोल्हापूरला आल्या. कुठनं तरी माझा नंबर काढला हुता. संगट मुलगी, धा-बारा वर्षांची. मी त्यास्नी आमच्या जुन्या खानावळीत जेवाय न्हेलं. मालक म्हटला, "पावणं समुद्रावरचं व्हय? मग रस्सा जरा जादा सोडतो!" मॅडम हसल्या, त्याच हसण्यानं. केस पांढरे झालते.

मुलगी म्हटली, "आई, तू जहाज का सोडलंस?"

आनि मॅडमनी सांगितलं. माझ्या म्होरं. "बाटल्या नीट धुतल्या नाहीत मी. आळशीपणा केला असणार, दुसरं काय. अठरा बाटल्या, सगळ्या गुलाबी!" आनि हसल्या. सोतावर. म्हटल्या, "दरवर्षी वर्गात पहिल्या दिवशी मुलांना हेच सांगते, म्हणजे ती नीट धुतात. हे काका होते ना तिथं, यांना विचार. यांचा हात सगळ्यात स्वच्छ."

मुलगी माझ्याकडं बघाय लागली.

तवा सांगायला काय जात हुतं? नोकरी सुटून वरसं झालती. सर रिटायर झालते. कुणाची भीती हुती? कुणाची न्हाय. मला फकस्त त्या पोरीच्या डोळ्यात सोच्छ हाताचा माणूस ऱ्हायचं हुतं.

मी म्हटलं, "खावा, मॅडम. पांढरा रस्सा गार हुतोय."

त्या जेवल्या. मी त्यास्नी स्टँडवर सोडलं. गाडी सुटताना मुलीनं हात हलवला, मी बी हलवला.

आता पुतणी लिहायची थांबल्या. माझ्याकडं बघत्या. तिनं बी ती गोष्ट माझ्या तोंडनं धा वेळा ऐकलीया, धा वेळा हसलीया.

लिही, बाई. त्या अठरा बाटल्या नीला मॅडमनी धुतल्या हुत्या. चांगल्या धुतल्या हुत्या. घाण माझ्या अंगठ्याची हुती.